धोतरा: विषाला घातलेली मर्यादा

गणेश चतुर्थीच्या पूजेत वाहायच्या पत्रीत एकवीस प्रकारची पाने असावीत असा संकेत आहे. दूर्वा, शमी, तुळस, आघाडा, डोरली यांच्याच ओळीत कण्हेर, रुई आणि धोतरा येतात. म्हणजे देवापुढे मानाने ठेवायच्या एकवीस वनस्पतींत निदान तीन विषारी आहेत. महाशिवरात्रीला तर धोतऱ्याचे फूल आणि काटेरी फळ पिंडीवर आवर्जून वाहतात, आणि वामन पुराणात हे झाड शंकराच्या हृदयापासून उपजल्याची कथा आहे. एरवी हे झुडूप उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेला कुणी न लावता माजते. ज्या झाडापासून पोराबाळांना दूर ठेवायचे, ते पूजेच्या तबकात कसे आले, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, ही निव्वळ अंधश्रद्धा. दुसरे म्हणते, पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते. दोन्ही उत्तरांत पुढचा विचार करण्याचे कष्ट टाळलेले आहेत. धोतऱ्याचा औषधी आणि धार्मिक वापर भारताप्रमाणेच चीन, जपान, मेक्सिको, कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया इथेही सापडतो. हे सगळे पुरावे शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट ठळकपणे दिसते: या झाडाचा उपयोग करणाऱ्या प्रत्येक समाजाने आधी त्याच्या वापराला मर्यादा घातली. कोणी तोडायचे, कोणी द्यायचे, कुणाला, केव्हा, आणि घेणाऱ्याजवळ कोणी बसायचे, हे ठरवले. परंपरेचे खरे ज्ञान झाडाच्या गुणांपेक्षा या नियमांत अधिक साठलेले आहे, असे प्रतिपादन या प्रस्तावनेत करायचे आहे. पुढची प्रकरणे एकेका प्रदेशाची हकीकत सविस्तर सांगतील. इथे त्यांना जोडणारा धागा तेवढा मांडतो.

मर्यादा कशासाठी हवी, हे कळायला आधी विष कळले पाहिजे. धोतऱ्याच्या मुळापासून बीपर्यंत सगळ्या भागांत हायोसायमिन, अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे असतात. आपल्या शरीरात लाळ, घाम, आतड्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन, हृदयाचा वेग ही कामे अॅसिटिलकोलिन नावाच्या संदेशवाहक रसायनामुळे नीट चालतात. धोतऱ्याची अल्कलॉइडे या रसायनाची ग्रहणस्थळे अडवून बसतात. मग तोंडाला इतकी कोरड पडते की घोट गिळवत नाही. बाहुल्या विस्फारतात, जवळचे दिसेनासे होते, घाम बंद झाल्याने अंग तापते, कातडी लाल आणि रखरखीत होते, लघवी अडते, छाती धडधडते. त्याच्यामागून भ्रम येतो. हा भ्रम भांगेसारखा नसतो; समोर नसलेल्या माणसाशी रोगी खरोखरीचा संवाद करतो, अंथरूण चाचपतो, बोटांच्या टोकांतून न दिसणारे धागे ओढत राहतो. हे दिवस-दोन दिवस, कधी त्याहून अधिक टिकते, आणि शुद्धीवर आल्यावर बहुतेकांना काहीच आठवत नाही. सर्वांत घातक बाब पुढेच आहे. एका झाडातले अल्कलॉइडांचे प्रमाण शेजारच्या झाडात तेवढेच असेल याची शाश्वती नाही. जात, जमीन, ऋतू, झाडाचे वय, पान की बी, यांवर ते बदलते. काल सोसलेली मात्रा आज जीव घेऊ शकते. अफू किंवा तंबाखूसारखी हळूहळू सवय होण्याची सोय इथे नाही. म्हणून धोतऱ्याशी व्यवहार करणाऱ्या समाजाला नियम ही चैन नव्हती, जगण्याची अट होती.

नियम सुटला की काय होते, याचे दाखले आपल्याच भूमीत भरपूर आहेत. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधींवरील संवादग्रंथ तिथेच १५६३ मध्ये छापला गेला. त्यात धोतऱ्याची चर्चा येते ती चोरीच्या संदर्भात: अन्नात धोतरा कालवून घरातल्या माणसांना बेभान करायचे आणि ऐवज लांबवायचा. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोतरा घालून लुटणाऱ्यांच्या टोळ्यांनी इंग्रजी अंमलातील पोलीस आणि न्यायवैद्यकाला सतत कामाला लावले होते. त्याची खूण वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत अजून शिल्लक आहे. भारतीय न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांचा फरक दाखवणारा तक्ता असतोच. दोन्ही चपटी, दोन्ही मूत्रपिंडाच्या आकाराशी मिळतीजुळती. धोतऱ्याचे बी थोडे मोठे, काळपट तपकिरी, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेले. मिरचीचे पिवळट आणि गुळगुळीत. बी उभे चिरले तर आतला वाकडा अंकुर धोतऱ्यात देठाच्या बाजूला बाहेर वळलेला असतो, मिरचीत आत. एका मसाल्याच्या बीशी असलेल्या या साम्यावर किती प्रवाशांचे प्राण गेले असतील! झणझणीत रश्श्यात चार तपकिरी बिया कुणाच्या लक्षात येणार? या गुन्हेगारांकडे झाडाची माहिती पुरेपूर होती. त्यांच्या हातात नव्हती ती जबाबदारी. म्हणून त्याच माहितीतून तिथे खून घडले.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण या वंशाचे माहेरच ते. धोतऱ्याच्या बहुतेक जाती मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आहेत. मग संस्कृत ग्रंथांत कोलंबसाच्या कितीतरी आधी धोतरा कसा, हा वनस्पतिशास्त्रातला मोठा पेच आहे. आर. गीता आणि वलीद घरायबेह यांनी २००७ मध्ये भाषिक, साहित्यिक आणि शिल्पांतील पुरावे एकत्र करून असे मांडले की किमान एक जात युरोपीय दर्यावर्दींच्या आधी, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातच, जुन्या जगात पोहोचली असावी. ती कशी पोहोचली याचा उलगडा झालेला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत कल्पनेची जहाजे सोडण्याचा मोह या पुस्तकाने टाळला आहे. अमेरिकेतले वापर मात्र नीट नोंदलेले आहेत. न्यू मेक्सिकोतील झुनी लोकांत धोतरा गोळा करण्याचा अधिकार पर्जन्य-पुरोहितांना आणि ठरावीक मंडळांच्या प्रमुखांना होता. माटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन यांच्या १९१५ सालच्या झुनी वनस्पतींवरील ग्रंथात एका झुनी वैद्याने एका बाईला हे औषध देऊन तिच्या स्तनावरचे गळू कापल्याची नोंद आहे. कॅलिफोर्नियातील चुमाश आणि त्यांच्या शेजारच्या जमातींत वयात येणाऱ्या मुलांना जाणत्यांच्या देखरेखीखाली धोतऱ्याचा अर्क दिला जाई. तिथल्या पिनव्हील गुहेच्या छतातील फटींत चघळून कोंबलेले चोथे सापडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांत अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन आढळले. त्याच छतावर लाल रंगात भिरभिऱ्यासारखी आकृती आहे, आणि संशोधकांच्या मते ती उमलत्या धोतऱ्याचे फूल असावी.

मात्र मला सर्वांत बोलका वाटतो तो व्हर्जिनियाचा पुरावा. रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ मध्ये त्या वसाहतीचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की १६७६ च्या बेकनच्या बंडाच्या वेळी जेम्सटाउनला आलेल्या इंग्रज शिपायांपैकी काहींनी कोवळ्या पानांची भाजी शिजवून खाल्ली. पाला होता धोतऱ्याचा. अकरा दिवस ते वेडे झाले. एक जण पीस फुंकून हवेत उडवत बसला, दुसरा त्या पिसावर काड्या फेकत होता, तिसरा नागडा कोपऱ्यात बसून माकडासारखा दात विचकत होता. त्यांनी स्वतःला इजा करू नये म्हणून कोंडून ठेवावे लागले. बरे झाल्यावर कुणाला काही आठवले नाही. याच पुस्तकात बेव्हर्ली तिथल्या मूळ रहिवाशांचा एक संस्कार वर्णितो. निवडलेल्या मुलांना रानात बंदिस्त ठेवून अठरा-वीस दिवस एका मुळाचा भ्रम आणणारा काढा पाजायचा, रखवालदारांनी अष्टौप्रहर त्यांच्याजवळ राहायचे, आणि बालपण विसरून ती प्रौढ म्हणून परतायची. हे मूळ धोतऱ्याचेच होते असे बेव्हर्ली म्हणत नाही. लक्षणांवरून अनेक अभ्यासकांनी तसा कयास केला आहे. तो कयास बरोबर असेल, तर एकाच भूमीत, एकाच वनस्पतीपासून, एकीकडे समाजाचा संस्कार घडत होता आणि दुसरीकडे निरर्थक वेडाचार. विस्मरणसुद्धा दोन्हीकडे तेच. झुडपात फरक नव्हता. एका गटाजवळ ते देणारा, राखणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस होता; दुसऱ्याजवळ फक्त भूक आणि पातेले.

चीनमध्ये ली शिझेन या वैद्याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या आणि १५९६ मध्ये छापलेल्या औषधिकोशात हाच धागा वेगळ्या अंगाने येतो. लोकांत समज होता की हसत खुडलेले धोतऱ्याचे फूल मद्यातून घेतले तर माणूस हसतो आणि नाचत खुडलेले घेतले तर नाचतो. लीने हे करून पाहिले आणि नोंदवले की अर्धवट अंमल चढल्यावर शेजारी कुणी हसले किंवा नाचले, तर घेणाराही तसे करू लागतो. सोळाव्या शतकातल्या वैद्याने सोबतीचा परिणाम इतक्या नेमकेपणाने टिपावा, याचे मनापासून कौतुक वाटते. भ्रमाला आकार देतात ती सभोवतालची माणसे, हे त्याने ओळखले होते. धोतरा आणि गांजा मद्यातून देऊन गळू कापताना वेदना टाळता येतात, हेही त्याने लिहिले आहे. जपानमध्ये हानाओका सेइशू या शल्यवैद्याने सुमारे वीस वर्षे खपून धोतरा आणि बचनाग मुख्य असलेले मिश्रण सिद्ध केले, आणि १३ ऑक्टोबर १८०४ रोजी ते देऊन एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. बोस्टनमधील ईथरच्या गाजलेल्या प्रात्यक्षिकाला अजून बेचाळीस वर्षे अवकाश होता. औषध चढायला काही तास लागत आणि उतरायला जवळजवळ एक दिवस. एवढा वेळ रोग्याजवळून हलायचे नाही, हीच या पद्धतीची खरी किंमत. प्रयोगांत हानाओकाच्या पत्नीची दृष्टी गेली असे तिथे सांगतात. त्याने शिष्यांकडून गुप्ततेची शपथ घेतली होती, त्यामुळे ही विद्या पसरली नाही. मर्यादेचा हा तोटाही इथे नोंदवायला हवा. गुपित राखणारा नियम अविचारी हातांना रोखतो तसाच तो गरजू हातांनाही रोखतो.

आयुर्वेदाने धोतऱ्याला उपविषांत बसवले. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील उपायांत धोतरा येतो. रेबीजवर तो उपाय चालत नाही, हे आज निःसंदिग्धपणे सांगितलेच पाहिजे. रसग्रंथांनी मात्र एक महत्त्वाचा दंडक घातला: शोधन केल्याशिवाय बी वापरायचे नाही. पुरचुंडी बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात अधांतरी लटकावून, गाईच्या दुधात शिजवण्याची किंवा गोमूत्रात भिजत ठेवण्याची रीत त्यासाठी सांगितली आहे. या क्रियेत अल्कलॉइडांचा काही अंश द्रवात उतरतो, आणि तो द्रव टाकून दिला जातो. दम्यावरचा कनकासव याच झाडाचा. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये धोतऱ्याचे बी विषारी द्रव्य म्हणून नोंदलेले आहे आणि ते असलेल्या आयुर्वेदिक औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. दम्याचाच धागा पुढे दूरवर गेला. १८०२ च्या सुमारास मद्रासच्या जनरल जेंट यांनी धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय ब्रिटनमध्ये नेला. त्यातून शतकभराहून अधिक काळ दम्याच्या सिगारेटी खपल्या, आणि विसाव्या शतकात अॅट्रोपिनच्या रेणूत फेरफार करून इप्राट्रोपियम तयार झाले. श्वास लागलेल्या रोग्याला आज दवाखान्यात ते वाफेच्या यंत्रातून देतात.

पूजेतला धोतरा या सगळ्यात वेगळा आहे. इथे झाडाला सन्मान आहे, पण ते पोटात जात नाही. पिंडीवर वाहिलेले निर्माल्य भक्ताने ग्रहण करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि गणपतीची पत्री तर विसर्जनाबरोबरच जाते. नैवेद्याच्या ताटात मोदक असतो, धोतरा नसतो. अपघात टाळण्यासाठीच कुणी ही योजना केली असे लिहिलेले कुठे नाही आणि तसा दावा मी करत नाही. तिचा परिणाम मात्र दिसतो. वर्षातून एकदा-दोनदा झाड ओळखून खुडावे लागे. ओळखताना ते विषारी आहे हे घरातले मोठे सांगत. आणि ज्या ठिकाणी ते जाई तिथून ते कुणाच्या तोंडी येत नसे. बाजारातून दोऱ्याने बांधलेली पत्री विकत आणणाऱ्या शहरी घरांत यातली ओळख गेली, वाहणे तेवढे राहिले. हे नुकसान लहान नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप रसायनाच्या बाजूने येईल. स्कोपोलामिन कुठल्याही मेंदूवर तोच परिणाम करणार. वेगवेगळ्या समाजांना सारखाच अनुभव आला तर त्यात शहाणपण कसले? हे अर्धे खरे आहे. बधिरता, भ्रम आणि विस्मरण ही रेणूची देणगी आहे. परंतु त्या देणगीचे चीनने शल्यकर्म केले, चुमाशांनी वयात येण्याचा संस्कार केला, आपण तिला पिंडीवर वाहून बाजूला ठेवले. रेणूनेच सगळे ठरवले असते तर ही विविधता दिसली नसती. सारखेपणा दिसतो तो फक्त एका ठिकाणी, मर्यादेच्या गरजेत. आणि ती गरज रेणूच्या प्रमाणातील अस्थिरतेतून आली, हे मान्य करायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. परंपरेला असे नियमशील रंगवणे म्हणजे तिचे उदात्तीकरण नव्हे काय? कोलंबियाच्या डोंगराळ भागातील मुइस्का लोकांत मृत सरदाराबरोबर पुरायच्या स्त्रियांना आणि दासांना याच कुळातील झाडाचा अर्क पाजून बेशुद्ध करत, असे स्पॅनिश बखरकारांनी लिहिले आहे. तिथेही नियम होता, देणारा ठरलेला होता, विधी होता. आपल्याकडे शिवरात्रीच्या भांगेत धोतऱ्याचे बी मिसळणारे आहेत आणि चिलमीत ते ओढणारे बैरागीही आहेत, तेही देवाचेच नाव घेऊन. हा आक्षेप मी परतवू इच्छित नाही. त्याने माझे म्हणणे अधिक नेमके होते. मर्यादा असणे पुरेसे नाही, ती कुणाच्या हितासाठी आहे हे विचारावे लागते. झुनी वैद्याचा नियम त्या बाईसाठी होता. मुइस्का पुरोहिताचा नियम मेलेल्या सरदारासाठी होता. प्राचीन आहे म्हणून एखादी रीत आदरणीय ठरत नाही, आणि या पुस्तकात तशी सूट कुणालाच दिलेली नाही.

तिसरा आक्षेप व्यावहारिक: शुद्ध अॅट्रोपिन मिळत असताना झाडाची कथा कशाला? अॅट्रोपिन १८३० च्या दशकात वेगळे झाले आणि त्यामुळे मात्रेचा अनिश्चितपणा संपला, हे आधुनिक औषधशास्त्राचे ऋण मोकळेपणाने मानले पाहिजे. ज्याला औषध हवे त्याने झाडाकडे जाऊ नये, हे मी ठामपणे म्हणतो. तरी कुपी आली म्हणून मर्यादेचा प्रश्न संपत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. कीटकनाशकांतील ऑर्गेनोफॉस्फेट गटाच्या विषाने अॅसिटिलकोलिन मोडणारे एन्झाइम बंद पडते; लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, फुप्फुसे स्रावाने भरतात, नाडी मंदावते. धोतऱ्याच्या विषाची ही बरोबर उलटी बाजू आहे, म्हणून अशा रोग्याला अॅट्रोपिन देतात. ते एकदा टोचून मोकळे होता येत नाही. डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा वाढवतात, स्टेथोस्कोपने छातीतली घरघर थांबली का ते ऐकतात, नाडी मोजतात. मात्रा कमी पडली तर रोगी स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. जास्त झाली तर अंग तापते, तो बरळू लागतो, चादर चाचपू लागतो. ग्रामीण रुग्णालयातल्या खाटेवर धोतऱ्याचा भ्रम अवतरतो. रात्रभर उशाशी बसणारी परिचारिका आणि निवासी डॉक्टर तेच काम करत असतात जे झुनी वैद्य आणि हानाओका करत होते. उलट दिशेनेही हा व्यवहार चालतो. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबारच्या लोकांनी अपराध्याच्या दिव्यासाठी वापरलेल्या विषारी बीतून फायसोस्टिग्मिन मिळाले, आणि धोतऱ्याच्या विषबाधेवर तेच उतारा म्हणून दिले जाते.

या कारणांमुळे पुढच्या एकाही प्रकरणात मात्रा, पाककृती किंवा शोधनाचे प्रमाण दिलेले नाही. जुन्या ग्रंथांत ती आहेत आणि अभ्यासकाला ती मिळतील; परंतु ज्या वैद्याच्या नजरेखाली ती वापरायची, तो छापील पानातून वाचकाच्या घरी जाऊ शकत नाही. मार्च २०१९ मध्ये युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात धोतऱ्यासारख्या तणाच्या बियांतील हीच अल्कलॉइडे आली. सुमारे तीनशे लोक आजारी पडले आणि पाच मेले. तिथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. पीक काढताना शेतातले तण वेगळे झाले नाही, एवढेच. झाडाचे वर्णन आणि ओळखीच्या खुणा मात्र आम्ही मुद्दाम विस्ताराने दिल्या आहेत: कर्ण्यासारखे पांढरे किंवा जांभळे फूल, काटेरी गोल फळ, चुरगळल्यावर येणारा उग्र वास, आणि बीचा तो बाहेर वळलेला अंकुर. लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकाने पहिल्या प्रकरणाच्या आधी त्या चित्रांची पाने पाहावीत, आणि मुलाला झाडाजवळ नेऊन दाखवावे.